अर्जदाराचे समाधान झाले

१

हर्षाली गांगुर्डेला नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी अंबडच्या कंपनीत पेढे वाटले, पण नोकरी नेमकी कसली हे कुणाला धड सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पोरीने संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि आता दिवसभर फोन ऐकते. करत नाही, घेत नाही. दुसऱ्यांचे झालेले फोन ऐकते.

नाशकातल्या एका सरकारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, 'नागरिक समाधान कक्ष' होता. लोकांनी तक्रार करायची, संबंधित खात्याने 'काम झाले' असं कळवायचं, आणि मग तक्रारदाराला इथून एक फोन जायचा. हा फोन माणूस करत नसे. कृत्रिम बुद्धिमत्तेची एक यंत्रणा करत असे. तिला बाईचा आवाज होता, गोड आणि जरा थकलेला, म्हणून कार्यालयात सगळे तिला 'ताई' म्हणत. ताई तीन प्रश्न विचारायची. काम झालं का? काही राहिलं का? आपलं समाधान झालं का? उत्तरं ऐकून ती तक्रार बंद करायची.

मात्र शासनाच्या कागदावर एक अट होती. यंत्राचा निर्णय माणसाने ऐकून 'मान्य' केल्याशिवाय अंतिम धरायचा नाही. अशा पडताळणी अधिकाऱ्यांपैकी एक म्हणजे हर्षाली. अकरा महिन्यांचा करार, रोजचे एकशेवीस फोन.

पहिल्या दिवशी तिला काम शिकवलं अव्वल कारकून ढुंढिराज गायधनी यांनी. जुलैत निवृत्त होणारा, नाकासमोर चालणारा माणूस. "पहिले दहा सेकंद ऐकायचे, शेवटचे दहा सेकंद ऐकायचे," ते म्हणाले. "मधलं परमेश्वर बघतो."

"आणि मध्येच माणूस ओरडत असला तर?"

"ओरडणारा शेवटीही ओरडतोच, बाळ."

'मान्य'च्या शेजारी 'अमान्य' असंही एक बटण होतं. ते दाबलं की चौदा रकान्यांचा तक्ता उघडायचा. वर्षभरात ते कुणी दाबलं नव्हतं.

हर्षाली प्रत्येक फोन अथपासून इतिपर्यंत ऐकायची. बाकीचे तीनला मोकळे व्हायचे, तिला सहा वाजायचे. गायधनी हसायचे. "नवी सून चार दिवस भांडी घासूनपुसून लावते."

"आणि जुनी माणसं खरकट्यातच जेवतात," ती म्हणायची.

मधलं ऐकायची म्हणूनच तिला तो आवाज कळला. मालेगावच्या एका कारागिराचा फोन होता. यंत्रमागाच्या शेडमधून बोलतोय म्हणाला. मागे खडखडाट हवा. खडखडाट नव्हता. टक्... टक्... एवढंच. पुढचा फोन लासलगावच्या बाईचा, बाजार समितीच्या दारातून. मागे ट्रॅक्टर नाही, लिलावाचा पुकारा नाही. टक्... टक्...

हर्षालीने हेडफोन काढून वर पाहिलं. कक्षातल्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, फेरीगणिक ते कशाला तरी घासायचं. टक्. ती स्वतःशीच हसली. बाहेरचा आवाज आत येतोय, दुसरं काय.

खात्री म्हणून तिने पंखा बंद केला. पाती थांबली. खोलीत उकाडा उतरला. तिने हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

टक्... टक्...

२

डोकं शाबूत असलेला माणूस अशा वेळी कारण शोधतो. हर्षालीला तीन कारणं सापडली. फोन साठवताना दोष आला असेल. ताईच्या आवाजामागे कुणीतरी मुद्दाम 'कार्यालयाचा' आवाज घातला असेल. किंवा मे महिन्याच्या उन्हाने तिचंच डोकं फिरलं असेल. तिसरं तिला पटलं नाही, पण पहिल्या दोनांवर तिने चार दिवस काढले.

शुक्रवारी दुपारी वाळू सानप यांचा फोन आला. राहणार टेंभुरवाडी, सिन्नरच्या बाजूला. फोनची वेळ आदल्या दिवशीची, सकाळी अकरा चाळीस. लांबी दोन मिनिटं अकरा सेकंद.

"टाकीचं काम झालं का?" ताईने विचारलं.

"झालं," पुरुषाचा आवाज आला. जरा खरखरीत, संथ. "पाणी चांगलं हाय आता."

"काही राहिलं आहे का?"

"नाय. माझं समाधान झालं. आभारी आहे."

टक्... टक्...

हर्षालीने सवयीने मूळ अर्ज उघडला. वहीच्या पानावर लिहून कुणीतरी स्कॅन करून चढवलेला. अक्षर वळणदार. टाकीचं पाणी काळं येतं, वास मारतो. वाडीतली नऊ माणसं सरकारी दवाखान्यात आहेत. टाकी धुतल्याचं खातं सांगतं, पण शिडी मोडलेली आहे, वर कुणी चढलेलंच नाही. टाकी खरोखर धुवेपर्यंत टँकर बंद करू नये. खाली सही. सहीखाली एक ओळ होती.

"मला जन्मापासून बोलता येत नाही, म्हणून लिहून देत आहे."

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग फोन पुन्हा ऐकला. पुरुषाने श्वास घेतलेला ऐकू येत होता. मग ती उठली आणि गायधनींच्या टेबलाशी गेली.

"सर, हा माणूस मुका आहे."

"मग शेजाऱ्याने घेतला असेल फोन."

"ताईने नाव विचारलंय. तो म्हणतो, हो, मी वाळूच."

गायधनींनी चष्मा पुसला. "बाळ, एखाददुसरा दाणा खडा निघतोच. म्हणून काय भात टाकून द्यायचा?"

"ही तक्रार बंद झाली तर मंगळवारपासून टँकर थांबतो. खात्याने तसं लिहूनच दिलंय. मग ती माणसं काय पिणार?"

"सोमवारी साहेबांची सुनावणी आहे. त्याला म्हणावं ये आणि सांग."

"काय सांगेल तो? मुका आहे!"

शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं कीबोर्डमध्ये डोकं घालून बसली. गायधनी अगदी प्रेमाने म्हणाले, "तुझं वय आहे ना, त्या वयात मीही असाच पेटायचो."

"मग विझलात कधी?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. हर्षाली जागेवर आली आणि तिने 'अमान्य' दाबलं. चौदाच्या चौदा रकाने भरले. शेवटच्या रकान्यात लिहिलं: तक्रारदार बोलू शकत नाही. ध्वनिमुद्रण त्याचे असू शकत नाही.

फोन तिने स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घेतला. नियमात हे बसत नव्हतं. चार महिन्यांत नियमात बसलेल्या बऱ्याच गोष्टी तिने ऐकल्या होत्या.

३

शनिवारी सुट्टी. सकाळी तिने वडिलांची स्कूटर काढली. मोहदरीच्या घाटात रेंज गेली ती गेलीच. सिन्नर सोडून आत वळल्यावर रस्ता नुसता फुफाटा. टेंभुरवाडीत शिरताना पहिली दिसली ती टाकी. उंच, नवीकोरी, निळ्या रंगात योजनेचं नाव. शिडीचे खालचे पाच गज गायब.

कुसाबाई सानपांचं घर टाकीच्या सावलीतच होतं. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. तांब्या पुढे करत म्हणाली, "प्या बिनघोर. टँकरचं हाय."

वाळू, तिचा मुलगा, दारात उभा होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, डोळे सगळीकडे फिरणारे. त्याला सगळं ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. हर्षालीने नाव सांगितल्यावर त्याने खिशातून छोटी वही काढली. 'तुम्ही माझा अर्ज वाचला?'

"वाचला. म्हणून आले. मावशी, गुरुवारी सकाळी तुम्हाला फोन आला होता?"

"कुठला फोन, बाई? बुधवारपासनं लाइट नाय. फोन मरून पडलाय त्या फळीवर."

हर्षालीने मोबाइल काढला. आधी समजावून सांगावं असं तिला वाटलं होतं, पण समजावून सांगायचा तिला मुळातच कंटाळा. तिने सरळ बटण दाबलं.

"झालं. पाणी चांगलं हाय आता."

कुसाबाईचा तांब्याकडे गेलेला हात तिथेच राहिला. फोन संपला. बाहेर एक कोंबडी कुरकुरत गेली.

"पुन्यांदा लाव," कुसाबाई म्हणाली.

हर्षालीने लावला.

"पुन्यांदा."

पाचव्या वेळी कुसाबाईने मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि कानाला धरला. डोळे मिटले. "हा माझा वाळू हाय," ती म्हणाली.

"मावशी, हे मशीन आहे. कुणाचाही आवाज बनवतं."

"तुला लेकरू हाय का?"

"नाही."

"मंग गप बस." कुसाबाईचा आवाज मऊच होता. "तो झोपेत कण्हतो. हसतो तवा घशातून जरासा येतो. ठसका लागला का येतो. असा तुकडा तुकडा तीस वरसं जोडीत बसलीय मी. पुरा झाला तर कसा असंल, ते मला ठाव हाय. ह्योच हाय."

हर्षालीच्या मानेवर काटा आला आणि त्याचा तिला राग आला. नकली आवाज बनवायला नमुना लागतो, हे तिला माहीत होतं. अर्धं मिनिट तरी. या माणसाने आयुष्यात अर्धा शब्द उच्चारला नव्हता. नमुना आणला कुठून? योगायोग. कुठलाही खरखरीत पुरुषी आवाज आणि एका आईची भूक. एवढंच. एवढंच असलं पाहिजे.

वाळू आत आला. त्याने एक हात स्वतःच्या गळ्यावर धरला होता. त्याने आईच्या कानाला लावलेला मोबाइल हळूच काढून घेतला, बंद केला, आणि वहीत लिहिलं, 'हे परत लावू नका.'

"तू स्वतः टाकीवर चढून बघितलंस?" हर्षालीने विचारलं.

'दोर टाकून. आत माकडं मरून पडलीत. चार मोजली. टाकी कुणी धुतली नाही.'

"सोमवारी बाराला सुनावणी आहे. दोघं या. हीच वही घेऊन या."

वाळूने मान हलवली. कुसाबाईची नजर मोबाइलवरच होती. हर्षाली स्कूटरला किक मारत होती तेव्हा ती मागोमाग आली. "बाई, एक कर. लाइट आली का तेवढं माझ्या फोनात टाकून दे."

"मावशी, ते खोटं आहे! त्याच्याच जोरावर तुमचं पाणी तोडणार आहेत."

"पानी काय, दोन कोसावरनं आनू," कुसाबाई म्हणाली. "पयलंबी आनतच व्हतो."

हर्षाली तशीच निघाली. घाट उतरेपर्यंत ती मनातल्या मनात भांडत होती. या मोठ्या माणसांना काहीतरी गोड कानावर पडलं की झालं. मग ते कुणी म्हटलं, कशासाठी म्हटलं, कुणाच्या जिवावर म्हटलं, काही म्हणजे काही विचारायचं नाही.

४

सोमवारी सकाळी दहाला तिने वाळूची तक्रार उघडली. तिचे चौदा रकाने जागेवर होते. त्यांच्याखाली एक नवी ओळ होती.

"आक्षेप मागे घेतला. पडताळणी अधिकाऱ्याचे समाधान झाले."

शेजारी ध्वनिमुद्रण. शनिवार, सकाळी अकरा चाळीस. दोन मिनिटं अकरा सेकंद.

शनिवारी अकरा चाळीसला ती मोहदरीच्या घाटात होती. रेंज नव्हती. तरी तिने हेडफोन लावले.

"आपला आक्षेप होता. आता आपलं समाधान झालं का?" ताईने विचारलं.

"हो," हर्षालीचा आवाज म्हणाला. "झालं माझं समाधान. आभारी आहे."

शब्द गिळायची तिची सवय होती, तीसुद्धा तशीच. इथे मात्र कारण तयार होतं. तिच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण कार्यालयात होतं, नमुना होता. कुणीही बनवू शकतं. तिने स्वतःला असं बजावलं आणि ते पटलंही. पटलं नाही ते वेगळंच. तो आवाज सुखी होता. हर्षाली इतक्या सुखाने आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि ऐकता ऐकता तिला क्षणभर वाटलं की बोलायला काय हरकत आहे.

तिने हेडफोन खसकन काढले आणि ती गायधनींकडे गेली.

ते खुर्चीत मागे रेलून काहीतरी ऐकत होते. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. पडद्यावर फोनांची यादी. हर्षालीने तारखा वाचल्या. मार्च २००९. मार्च २०१०. मार्च २०११.

"सर, तेव्हा ताई कुठे होती?"

"ताई नाही," ते म्हणाले. "मीच. ऐक." त्यांनी एक हेडफोन तिच्या कानाला लावला.

"नवसाबाई बोलताय का?" आताच्यापेक्षा तरुण, नम्र आवाज. ओळखू येत होता. "मी गायधनी. आपल्या घरकुलाच्या अर्जाबाबत फोन केलाय." आणि एका म्हातारीचा आवाज, "झालं बाबा, समाधान झालं." टक्... टक्...

"किती अदबीने बोललोय बघ मी," गायधनी म्हणाले.

"सर, २००९ साली कार्यालय फोन साठवून ठेवायचं?"

गायधनींनी आवाज बंद केला. मग नजर न उचलता म्हणाले, "मार्चअखेर आली की नस्त्या निकाली काढायच्या असायच्या. प्रत्येक नस्तीवर एक वाक्य लिहायचं. अर्जदाराशी दूरध्वनीवर संपर्क साधला, अर्जदाराचे समाधान झाले. खाली सही. सगळेच लिहायचे. माझ्या आधीचेही."

"आणि फोन?"

"फोनची लाइन कापलेली होती. दोन वर्षं. बिल थकलं होतं."

वर तोच पंखा टक्... टक्... करत फिरत होता. हर्षालीने त्याच्या वाकलेल्या पात्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हीच शिकवलंत ताईला."

"मी कुणाला काही शिकवलं नाही. वरून आदेश आला, यंत्रासाठी जुन्या नस्त्या द्या. दिल्या. एकोणीस वर्षांच्या." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. लहान मुलाने दाखवावं तसं. "पण बघ ना, मी केला होता फोन. रेकॉर्ड आहे."

"नवसाबाईला घरकुल मिळालं होतं का?"

"ती म्हणतेय ना, समाधान झालं."

"मिळालं होतं का, सर?"

त्यांनी दोन्ही हेडफोन कानांवर नीट बसवले आणि डोळे मिटले.

हर्षालीने त्यांच्या हाताखालचा माउस ओढून घेतला. यादी वर सरकवली. वर्षं भराभर गेली, हे वर्ष आलं, हा महिना, ही तारीख. सगळ्यात वर एक फोन होता. कुसाबाई सानप. सोमवार, दुपारी बारा चाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते.

चुकीची वेळ पडली असेल. घड्याळ पुढे असेल. ती उभ्याउभ्याच वाकली, गायधनींच्या कानावरचा एक हेडफोन उचलला, तो फोन लावला आणि ऐकलं. तिथे ताई नव्हती. मोठ्या खोलीतला आवाज होता, माणसं खाकरत होती. साहेबांचा आवाज: "आई, तुम्ही सांगा, हा आवाज तुमच्या मुलाचा आहे का?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग कुसाबाई.

"हो साहेब. आवाज माझ्या पोराचाच हाय. माझं समाधान झालं."

५

सुनावणी तळमजल्यावरच्या सभागृहात होती. साठसत्तर माणसं, हातात पिशव्या, पिशव्यांत कागद. समोर टेबलामागे साहेब. त्यांच्या डाव्या हाताला एक ऑपरेटर, संगणक आणि भिंतीवर दोन काळे लाउडस्पीकर.

वाळू आणि कुसाबाई तिसऱ्या रांगेत बसले होते. हर्षाली त्यांच्याजवळ गेली. तिला सांगायचं होतं, मावशी, तुम्ही काय म्हणणार ते मी सकाळीच ऐकलंय, तेवढं म्हणू नका. पण हे कुठल्या तोंडाने सांगणार? ती एवढंच म्हणाली, "नीट ऐका आणि नीट बोला." कुसाबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या काळ्या पेट्यांकडे बघत होती.

साडेबाराला नाव पुकारलं. वाळूने वही उघडून टेबलावर ठेवली. साहेबांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं.

"तक्रार तर बंद झालीये. तुमचं समाधान झाल्याचं रेकॉर्ड आहे. लावा रे."

लाउडस्पीकरमधून वाळूचा आवाज सभागृहभर पसरला. पाणी चांगलं हाय आता. वाळू ओठ मिटून उभा होता. पहिल्या रांगेतल्या बाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि पदर ओढून घेतला.

"सर, हा माणूस बोलू शकत नाही," हर्षाली पुढे आली. "मी पडताळणी अधिकारी आहे. हा फोन मी अमान्य केलाय."

ऑपरेटरने पडद्यावर बोट ठेवलं. साहेब वाकून बघत म्हणाले, "तुम्ही आक्षेप मागे घेतलाय. तुमच्याच आवाजात आहे."

"मी इथे उभी आहे ना? रेकॉर्डला काय विचारता? मला विचारा."

मागून कुणीतरी हसलं. साहेबांच्या कपाळावर आठी आली. "मॅडम, यंत्रणा राज्यपातळीवरची आहे. तुमचा करार कितीचा?"

"अकरा महिन्यांचा. उद्या संपवा. पण शासनाच्या कागदावर लिहिलंय की यंत्राचा शब्द शेवटचा नाही, माणसाचा आहे. तो माणूस म्हणून तुम्ही मला ठेवलंय. मी नाही म्हणते."

 साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. हर्षालीनेही पाहिलं. बारा चाळीस.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "घरच्यांनाच विचारू. आई, तुम्ही सांगा, हा आवाज तुमच्या मुलाचा आहे का?"

शब्दन् शब्द तोच. मागे खाकरणं तेच.  आता काहीही केलं तरी उपयोग नाही, हे झालेलं आहे, कुठेतरी आधीच झालेलं आहे, असं हर्षालीला वाटलं, आणि त्या वाटण्यात एक घाणेरडा आराम होता.

कुसाबाई उठली. टेबलापर्यंत आली. थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"हो साहेब," ती म्हणाली. "आवाज माझ्या पोराचाच हाय."

साहेबांनी पेन उचललं.

कुसाबाईने श्वास घेतला आणि वाळूकडे पाहिलं. वाळू हात जोडत नव्हता, खुणा करत नव्हता. नुसता आईकडे बघत होता.

"आवाज त्याचाच हाय," कुसाबाई पुन्हा म्हणाली. "पण बोलला तो नाय."

"म्हणजे काय, आई?" साहेब म्हणाले. "आवाज त्याचा, आणि बोलला तो नाही?"

"व्हय. तसंच."

"आई."

हे लाउडस्पीकरमधून आलं. ऑपरेटरने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून हवेत धरले, जणू भाजले. पडद्यावर काहीच चालू नव्हतं.

"आई," वाळूचा आवाज पुन्हा म्हणाला. संथ, खरखरीत, जवळून. "मी बोलतोय. सांग ना त्यांला."

 कुसाबाईचा हात आपोआप उचलला गेला, त्या काळ्या पेटीच्या दिशेने, लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा. हर्षाली पुढे व्हायला गेली आणि थांबली. इथे तिचं काही काम नव्हतं. अकरा महिन्यांच्या कराराने हे अडवता येणार नव्हतं आणि पदवीनेही नाही. हे फक्त त्या बाईला जमणार होतं, आणि जमलं नसतं तरी तिला दोष देता आला नसता.

"आई, मला बोलू दे की."

कुसाबाईचा हात खाली आला.

"गप," ती म्हणाली.

पेटी गप्प झाली.

"तीस वरसांत माझ्या वाळूनं मला एक गोष्ट खोटी सांगितली नाय," कुसाबाई त्या पेटीकडे बघत म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "आन तू तोंड उघडलंस ते खोटं बोलायलाच."

लाउडस्पीकरमधून काहीतरी आलं. हुंदका असेल, खरखर असेल. एकाचा नव्हता एवढं हर्षाली शपथेवर सांगेल. पुष्कळ माणसांनी एकदम श्वास आत घेतला होता आणि सोडला नव्हता. ऑपरेटरने वायर उपटली. ते त्यानंतर थांबलं. लगेच नाही, जरा वेळाने.

 मग मागच्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. "साहेब, मलाबी फोन आलाच नवता." त्याच्या शेजारची बाई उठली. "माझं कधी झालं समाधान? दाखवा बरं." खुर्च्या सरकू लागल्या, पिशव्यांतून कागद निघू लागले.

साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी वाळूची वही जवळ ओढली, कोऱ्या पानावर पेन टेकवलं आणि लिहायच्या आधी मान वळवून भिंतीवरच्या पेट्यांकडे पाहिलं. विचारल्यासारखं.

"तिकडे नका बघू," हर्षाली म्हणाली. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. "हा माणूस समोर उभा आहे. याच्याकडे बघा आणि लिहा. अर्जदाराचे समाधान झालेले नाही. टँकर चालू ठेवावा. खाली सही, शिक्का. पेनाने."

साहेबांनी वाळूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लिहायला लागले.